कथाचित्राचा अभ्यास : ग्रंथालय आणि टेबल यांच्यामध्ये

कथाचित्रे, म्हणजे गोष्टींसाठी काढायची चित्रे, शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इतिहास एका तासाला शिकवला जातो आणि रेखाटन दुसऱ्या तासाला. या दोहोंची गाठ क्वचितच पडते. ती घालायची असेल, तर अभ्यासाचा आरंभ विषयापासून न करता अडचणीपासून करावा. ‘दिवाळी अंकांतील चित्रे’ या विषयावर टिपणांच्या वह्या सहज भरतील. पण ‘एकाच काळ्या शाईत अमावास्येची रात्र कशी दाखवावी’ ही अडचण घेतली, की जुने अंकही धुंडाळावे लागतात आणि टेबलाशीही बसावे लागते.

उदाहरणादाखल दिव्याच्या अवसेची कहाणी घेऊ. सून घरातला पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात, तिला घराबाहेर काढले जाते, आणि पुढे अवसेच्या रात्री झाडावर बसलेल्या दिव्यांचे बोलणे राजाच्या कानी पडते. अशा कहाण्या सी. ए. किंकेड यांनी १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या आणि त्यांची चित्रे काढली ती कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेल्या म. वि. धुरंधरांनी. हे पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत पाहता येते. आटपाट नगर परक्या वाचकासमोर मांडताना चित्रकाराने वेश, दागिने आणि घराची मांडणी यांपैकी कशावर भर दिला, याची नोंद चित्रागणिक करावी.

पडद्यावर मात्र कागद आणि छपाई कळत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात छापील अंकांची चौकशी करावी आणि जवळ भिंग ठेवावे. चित्र रेषांच्या ब्लॉकवरून, म्हणजे उठावाच्या रेषा असलेल्या ठशावरून, छापलेले असेल, तर भिंगाखाली फक्त काळे आणि पांढरे दिसते. राखाडी छटा रेषांच्या जाळ्यातूनच भासवलेली असते. हाफटोन, म्हणजे छटा ठिपक्यांतून दाखवणारी छपाई असेल, तर लहानमोठे ठिपके दिसतात, आणि खरखरीत कागदासाठी ते अधिक मोठे व विरळ ठेवावे लागत. शैली म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिचा बराचसा भाग या मर्यादांतून घडलेला असतो, असे माझे मत आहे.

हे वाचून पटत नाही, करून पाहावे लागते. झाडावरच्या दिव्यांचा प्रसंग छपाईच्या दीडपट आकारात टाक आणि काळ्या शाईने काढावा आणि झेरॉक्सवर ६७ टक्क्यांपर्यंत लहान करावा. फांद्यांमागच्या अंधारात रेषा दाट ओढल्या असतील, तर मधल्या फटी बुजून नुसता काळा डाग उरतो आणि समईची वात त्यात हरवते. मग वातीभोवती कोरा कागद किती सोडावा आणि कोणत्या रेषा गाळाव्यात, हे ठरवून तेच चित्र पुन्हा काढावे. उजेडाच्या अभ्यासासाठी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे पाहावीत. ती कथाचित्रे नव्हेत, पण अंधाऱ्या छटांतील भेद तिथे शिकता येतात.

आजच्या संशोधनाचा उपयोग प्रसंग निवडताना होतो. चित्रात कोण कोणाकडे पाहतो, हा प्रश्न अलीकडच्या दृश्य-अभ्यासात वारंवार विचारला जातो. तो या कहाणीला लावला, तर दिव्यांचे बोलणे ऐकणारा राजा आणि आळ सोसणारी सून अशा दोन बाजूंनी दोन वेगळी चित्रे निघतात. दोन्हींची अंगठ्याएवढी कच्ची रेखाटने करून, कहाणी न सांगता ती काही मुलांना दाखवावीत आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. काम करणाऱ्या चित्रकाराला भेटता आले, तर प्रेरणेविषयी कमी आणि मजकूर केव्हा हाती येतो, संपादक काय बदलायला लावतो, मानधन कसे ठरते, याविषयी अधिक विचारावे.

वहीच्या डाव्या पानावर संदर्भ, म्हणजे अंक, वर्ष, पृष्ठ आणि निरीक्षण. उजव्या पानावर त्यावरून केलेला प्रयोग. अंतिम चित्रासोबत एक टिपण जोडावे आणि कोणत्या पुराव्यामुळे कोणता निर्णय बदलला, एवढेच त्यात लिहावे. असा एकही निर्णय सापडला नाही, तर चित्र देण्याआधी पुन्हा डाव्या पानांकडे वळावे.