पत्रादेवीच्या पलीकडे: गोव्यातील क्लबात पहिला हंगाम

चाकरमानी म्हटला की तो मुंबईला जायचा, अशी कोकणची जुनी रीत असली तरी फुटबॉल खेळणाऱ्या सिंधुदुर्गातील मुलाची वाट दक्षिणेला, पत्रादेवीचा नाका ओलांडून म्हापसा, मडगाव आणि वास्कोकडे जाते. मालवणी बोलणाऱ्याला तिथली कोंकणी लवकर कळू लागते, ताटातही माशाची आमटी आणि भातच असतो, त्यामुळे आपण परमुलखात आलो आहोत हे माझ्यासारख्या वेंगुर्लेकराला सुरुवातीला जाणवलेच नाही. खेळाच्या कारभारात मात्र तो परमुलूखच आहे. महाराष्ट्रातील खेळाडू वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या कक्षेत येतात, गोव्यातील गोवा फुटबॉल असोसिएशनच्या. आणि अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत बदली रीतसर नोंदवली गेल्याशिवाय नवा क्लब तुम्हाला अधिकृत सामन्यात उतरवू शकत नाही. माझ्याबरोबर आलेला एक गुणी बचावपटू जुन्या मंडळाची संमती वेळेत न मिळाल्यामुळे हंगामाचा बराच काळ केवळ सराव करत राहिला. म्हणून ट्रायलला जाण्याआधीच आपली नोंद कोणाकडे आहे हे पाहावे आणि जन्मदाखला जवळ ठेवावा.

निवड झाल्यावर पहिला प्रश्न पगाराचा नसून दर्जाचा असतो. फिफाच्या नियमांनुसार ज्याच्याशी लेखी करार झाला आहे आणि ज्याला खेळासाठी होणाऱ्या खर्चाहून अधिक मोबदला मिळतो तोच व्यावसायिक. बाकीचे सगळे हौशी. खोली, दोन वेळचे जेवण आणि बसभाडे मिळाल्याने कोणी व्यावसायिक होत नाही, मग गावात कितीही सत्कार होवोत. अठरा वर्षांखालील खेळाडूशी 3 वर्षांहून अधिक मुदतीचा करार फिफाला मान्य नाही, आणि वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालात तरच करार लागू होईल, अशी अटही घालता येत नाही. दुखापतीचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का, ही कलमे वडिलधाऱ्यांना शेजारी बसवून वाचावीत. तोंडी आश्वासनावर, ते कितीही प्रेमाने दिलेले असो, सही करू नये.

क्लबाच्या नावाने भारावूनही जाऊ नये. गोव्यातील धेंपो क्लबाने राष्ट्रीय साखळी 5 वेळा जिंकली, साळगावकर क्लबानेही ती जिंकली. तरी 2016 मध्ये हे दोन्ही क्लब स्पोर्टिंग क्लब द गोवासह आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. त्यामुळे करार किती मोठ्या क्लबाशी आहे यापेक्षा त्याची मुदत संपताना आपले वय काय असेल, याचा हिशेब माझ्या मते अधिक उपयोगी आहे. मैदानावर आपण कोणत्या जागी खेळतो, याचाही विचार करावा. आक्रमणात क्लबांचा भर बहुधा परदेशी खेळाडूंवर असतो. धेंपोकडून खेळणाऱ्या नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने 2011-12 च्या आय-लीगमध्ये 32 गोल केले होते, आणि अशा खेळाडूला बाजूला सारून गावाकडच्या नवख्या मुलाला कोणता प्रशिक्षक पुढे उभा करील? बगलेचा बचावपटू किंवा मधल्या फळीत धावणारा खेळाडू म्हणून दार लवकर उघडते.

पावसाळ्यात मैदाने निसरडी असतात, तेव्हा स्क्रूचे स्टड (तळाचे खुंट) असलेले बूट घ्यावेत. चतुर्थीची सुट्टी गृहीत धरू नये. ती हंगामाच्या तोंडाशी येते आणि घरच्यांची समजूत आधीच घालावी लागते.

एक काम गावात राहिलेल्यांनी करायचे आहे. करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबात गेला आणि त्या क्लबाने जुन्या क्लबाला बदलीची रक्कम दिली, तर त्या रकमेतील 5 टक्के भाग 12 ते 23 या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. त्यासाठी गावचे मंडळ संघटनेशी संलग्न आणि मुलगा तिथे नोंदलेला असावा लागतो. म्हणून ही नोंदणी मुलगा गाव सोडण्याआधीच पूर्ण करून घ्यावी.