चेंडू नको, बावीस माणसं दाखव

कोल्हापुरात गेलो आणि फुटबॉलचा कोच आहे म्हणालो, की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या तालमीचा?" मग सांगावं लागतं की बाबांनो, हा शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा, अमेरिकेतला. टीव्हीवर दिसतात त्या टीमही आमच्या नव्हेत. मी मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात, डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत आहे. या लाइनीत शिरायचं कसं, असं दोन-तीन मुलांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय.

मी आलो स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्सला. शाळेत कधी हा खेळ न खेळलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी कुणी प्लेबुक, म्हणजे टीमच्या ठरलेल्या चालींची वही देत नाही. मला दिला कॅमेरा. मैदानाच्या कडेला उंच उचलणारी लिफ्ट असते, तिच्यावर उभं राहून सराव शूट करायचा. ऑक्टोबरातला वारा वर नुसता झोंबतो. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत ती बघता बघता उतरते.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. क्रिकेट बघत वाढलेला डोळा, चेंडूमागेच पळणार. क्वार्टरबॅकनं (चाल सुरू करून पास फेकणारा) चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणारा) पोटाशी नेला, मी कॅमेरा रनिंग बॅकमागे फिरवला, आणि चेंडू होता क्वार्टरबॅककडेच! पलीकडे लांब पास झेलला गेला, तो माझ्या फिल्ममध्ये नाहीच. डिफेन्सइतकाच मीही फसलो होतो. संध्याकाळी सगळ्या स्टाफसमोर ती क्लिप तीनदा लागली. हेड कोच ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "चेंडू नको, बावीस माणसं दाखव." म्हणजे दोन्ही टीमचे अकरा-अकरा.

पुढे प्रत्येक क्लिपला डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), बाकी यार्ड, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) अशी लेबलं लावायचं काम आलं. हमालीच ती, पण खेळ मी तिथंच शिकलो. समोरची टीम तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असताना काय करते, हे चाळीस वेळा टाइप केलं की एक्केचाळिसाव्या वेळी आपोआप कळतं.

आणि खरी नोकरी रिक्रूटिंगची, म्हणजे शाळेतल्या खेळाडूंना आपल्या कॉलेजात आणायची. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. जी मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. छोटी खासगी कॉलेजं बरीचशी फीवर चालतात, म्हणजे शंभर खेळाडूंची टीम हे फी भरणारे शंभर विद्यार्थीही असतात. त्यामुळे संध्याकाळी फोन घेऊन बसलं की मुलगा टॅकलबद्दल (समोरच्याला धरून पाडणं) बोलतो आणि त्याची आई फीबद्दल. आईचं समाधान झालं नाही तर मुलगा येत नाही. आर्थिक मदतीचे फॉर्म मला आता प्लेबुकपेक्षा जास्त पाठ आहेत.

या छोट्या जगाला कमी समजू नका. कॉलेज फुटबॉलमधले सर्वाधिक, म्हणजे ४८९ विजय जॉन गॅग्लियार्डी यांच्या नावावर आहेत, आणि त्यांतले बहुतेक आमच्याच राज्यात, कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्समध्ये मिळवलेले. १९५३ ते २०१२ ते तिथंच होते. सरावात टॅकलिंग नाही, शिट्टी नाही, आणि मुलांनी 'कोच' न म्हणता 'जॉन' म्हणायचं. (मी अजून हेड कोचला नावानं हाक मारू शकत नाही, जीभच वळत नाही.)

आता व्हिसा. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसा) सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि सीझनचं काम त्यात मावत नाही. हेड कोचला हा नियम माहीत असेलच असं धरून चालू नका. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे १२ महिने मिळतात, नोकरी अभ्यासक्रमाशी जुळणारी लागते. एक जमेची बाजू अशी की ना-नफा कॉलेजांना एच-वन-बीच्या (नोकरीचा व्हिसा) लॉटरीत उतरावं लागत नाही. पण एका सहायक कोचसाठी वकिलाचा खर्च करायला कॉलेज तयार आहे का, हे तोंडावर विचारायला लाजू नका.

मुलाखतीत आणखी एक विचारा: फुटबॉलशिवाय काय काय करावं लागेल? मला सुचलं नव्हतं. सीझनभर जर्सी धुतल्या, मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या, आणि एप्रिलमध्ये ट्रॅकच्या स्पर्धेत भालाफेकीची टेप धरून मीच उभा होतो.