अंटार्क्टिकाचं तळपाणी ओळखायचं कसं

अरबी समुद्राच्या तळाशी, साडेतीन हजार मीटरवर, पाणी दोन अंश सेल्सियसच्या आसपास असतं. हा गारवा इथला नव्हे. हिंदी महासागराला उत्तरेकडून जमिनीने बांध घातलाय, तिथे पाणी गोठून जड होऊन बुडेल अशी थंडीच पडत नाही. तळाचं पाणी दक्षिणेतून आलेलं आहे. त्यातलं किती अंटार्क्टिकाच्या काठावर बुडलं, किती उत्तर अटलांटिकमध्ये, आणि हवेशी त्याची शेवटची गाठ कधी पडली, हे शोधणं म्हणजे खोल अभिसरणाचा माग काढणं.

मुंबईच्या एका उपनगरी कॉलेजात मी एमएस्सीला रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी प्रकल्पासाठी दोन-तीन मुलं हा विषय घेतात. जहाजावर जायला मिळेल तेव्हा मिळेल. टायट्रेशन आणि आकडेवारी मात्र दोन्ही इथे बसून शिकता येतात. तीच पद्धत इथे देते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ‘पाणी कुठलं?’ आणि ‘पाणी कधीचं?’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांना निरनिराळी रसायनं लागतात. मुलं घाई करतात ती इथेच. ऑक्सिजन कमी दिसला की ‘पाणी जुनं’ असं लिहून मोकळी होतात. पण ऑक्सिजन कमी असण्याचं कारण वय असू शकतं, वरून पडलेला जास्तीचा सेंद्रिय गाळ असू शकतो, किंवा मुळातच कमी ऑक्सिजनच्या पाण्यात झालेली मिसळ असू शकते.

हाताला वळण लावायला, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं विंकलर टायट्रेशन करा. लायोश विंकलर यांनी ही पद्धत १८८८ मध्ये दिली आणि जहाजावर सेन्सर तपासायला आजही तीच वापरतात. वर्सोव्याच्या जेट्टीवरून एखाद्या कोळी दादांच्या होडीतून भरतीच्या वेळी खाडीबाहेर जा आणि पाणी घ्या. दुसरा नमुना माहीमच्या खाडीतून, ओहोटीला. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवा, पाणी हळू सोडा, बाटलीच्या तिप्पट पाणी वरून वाहून जाऊ द्या. नळीत एकही बुडबुडा नको. पाण्याचं तापमान तिथल्या तिथे टिपा. मग मँगेनस क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून सोडा, बूच लावा आणि बाटली उलटसुलट करा. वर्सोव्याच्या बाटलीत तपकिरी साका येतो. माहीमच्या बाटलीत तो बरेचदा जवळजवळ पांढराच राहतो, कारण मँगेनीजचं ऑक्सिडीकरण करायला ऑक्सिजनच उरलेला नसतो. ते पाहिल्यावर मुलांना पद्धत समजावून सांगावी लागत नाही. साका अर्धा खाली बसला की पुन्हा एकदा हलवा. ही दुसरी हालवणी टाळली की आकडे भरकटतात. पुरता बसला की सल्फ्युरिक आम्ल घाला आणि हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) टायट्रेट करा. स्टार्च घालायचं ते रंग फिकट पिवळा झाल्यावरच. खाडीच्या पाण्यात नायट्राइट असतं आणि त्याने आकडा फुगतो, म्हणून तिथे आयोडाइडच्या द्रावणात सोडियम अझाइड लागतं. ते विषारी आहे. फ्यूम हूडमध्येच काढा.

२८ अंशांच्या आपल्या समुद्रात हवेशी समतोल असलेल्या पाण्यात किलोमागे सुमारे २०० मायक्रोमोल ऑक्सिजन मावतो, तर गोठणबिंदूवरच्या ध्रुवीय पाण्यात ३५० च्या घरात. बुडताना पाणी सोबत ही शिदोरी घेऊन निघतं.

जहाजावर रोझेट, म्हणजे खोलवर सोडलेली बाटल्यांची चौकट, वर आली की तिच्यातल्या निस्किन बाटल्यांतून नमुने काढायचा क्रम ठरलेला असतो. आधी सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, पूर्वी फ्रिजमध्ये वापरले जाणारे वायू), मग हेलियम, मग ऑक्सिजन, मग कार्बन, त्यानंतर पोषकद्रव्यं आणि क्षारता. बाटली उघडली की हवा आत शिरते, म्हणून वायू पहिले. सिलिकेटचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, काचेतूनच सिलिका सुटते. ऑक्सिजन-१८ चा (ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा) नमुना मात्र काचेत चालतो, बूच घट्ट हवं. बाष्पीभवनाने हलका ऑक्सिजन उडून जातो आणि सगळं गणित बिघडतं.

आता आकडेवारी. ग्लोडॅप हा जगभरच्या सफरींचा तपासलेला संग्रह फुकट मिळतो. उघडायला ओशन डेटा व्ह्यू वापरा. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत तयार झालेलं हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. सुरुवातीला ३० अंश पूर्व रेखांशावरची आय-०६-एस ही रेषा घ्या, दक्षिण आफ्रिकेपासून बर्फाच्या काठापर्यंत जाणारी. गुणवत्तेचा शेरा २ असलेलेच आकडे ठेवा.

तापमान नेहमी विभव तापमान घ्या, म्हणजे तेच पाणी पृष्ठभागावर आणलं तर जे भरेल ते. खोलवर दाबामुळेच पाणी काही दशांश अंश गरम झालेलं असतं. न्यूट्रल घनता (पाण्याचे थर ओळखायचं घनतेचं माप, घनमीटरमागे किलोत, १००० वजा करून) २८.२७ च्या वर गेली की तळपाणी सुरू झालं असं साधारणपणे मानतात. मग त्याच छेदावर ऑक्सिजन चढवा. मधल्या थरात, परिध्रुवीय खोल पाण्यात, तो उतरतो आणि तळाला पुन्हा वाढतो. वरच्यापेक्षा खालचं पाणी ताजं, हे त्या वाढीवरून कळतं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अडेली किनारा ही अशा पाण्याची जुनी ओळखीची उगमस्थानं. केप डार्नलीजवळचं चौथं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. अंटार्क्टिकातलं आपलं भारती संशोधन केंद्र ज्या प्रिड्झ उपसागराजवळ आहे, त्याच्याच पश्चिमेला. तिथे बर्फ बनतो तसा वारा तो ढकलून नेतो, पाणी उघडं पडतं, पुन्हा बर्फ बनतो, आणि मागे राहिलेल्या मिठाने पाणी जड होऊन उतारावरून खाली जातं.

‘कुठलं?’ या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उत्तर अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांच्या फॉस्फेट-स्टार या आकड्यात आहे. जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात तेव्हा ऑक्सिजन खर्च होतो आणि फॉस्फेट सुटतं, सुमारे १७५ ला १ या प्रमाणात. म्हणजे दोन्ही बदलतात, पण त्यांची ही बेरीज बदलत नाही:

फॉस्फेट-स्टार = फॉस्फेट + (ऑक्सिजन ÷ १७५) − १.९५

सगळं मायक्रोमोल प्रति किलोमध्ये. उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात हा आकडा ०.७३, वेडेलच्या पाण्यात १.९५. समजा तुमच्या नमुन्यात फॉस्फेट २.४० आणि ऑक्सिजन १६५ आहे. २.४० + ०.९४ − १.९५ = १.३९. त्यातून ०.७३ वजा करा, ०.६६ उरले, दोन टोकांमधल्या १.२२ या फरकाने भागा. दक्षिणेचा वाटा ५४ टक्के. हिंदी आणि प्रशांत महासागराचं खोल पाणी साधारण निम्मं दक्षिणेचं, निम्मं उत्तर अटलांटिकचं आहे, असं ब्रोकर यांनी मांडलं ते याच हिशेबावर. पण लगेच दक्षिणेचं टोक १.८५ धरून पुन्हा गणित करा: वाटा ५९ टक्क्यांवर जातो. टोकाची किंमत कुठल्या सफरीतून घेतली हे वहीत लिहिलेलं नसेल, तर मी तो अहवाल परत करते.

काठाजवळ आणखी एक प्रश्न येतो: पाणी गोडं झालंय, ते समुद्री बर्फ वितळून की हिमनदी वितळून? क्षारता एकटी हे सांगू शकत नाही. समुद्राचं पाणी गोठताना ऑक्सिजन-१८ चं प्रमाण फारसं हलत नाही. खंडावर पडलेल्या हिमात मात्र ते समुद्राच्या प्रमाणित पाण्याच्या तुलनेत उणे ३० पर्मिल (दर हजारी) किंवा त्याहूनही खाली असतं. असं हिमनदीचं पाणी शेकडा एक भाग मिसळलं तरी नमुना ०.३ पर्मिलने उतरतो, आणि चांगलं यंत्र ०.०५ पर्यंतचा फरक दाखवतं. क्षारता आणि ऑक्सिजन-१८ दोन्ही उतरले तर हिमनदी. क्षारताच उतरली तर समुद्री बर्फ.

आता ‘कधीचं?’ सीएफसी १९३० च्या दशकात बनायला लागले, त्याआधी हवेत नव्हतेच. त्यामुळे तळाच्या पाण्यात सीएफसी सापडला की त्यातला काही भाग तरी त्यानंतर हवेला भेटलेला आहे. वेडेलच्या तळाशी तो स्पष्ट मिळतो, उत्तरेकडे येत गेलं की विरळ होत जातो. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर उत्पादन घटलं, सीएफसी-११ चं हवेतलं प्रमाण १९९४ च्या सुमारास शिखरावर पोचून उतरू लागलं; त्यामुळे अलीकडच्या पाण्यासाठी एकाच प्रमाणाची दोन वर्षं निघतात. तिथे सल्फर हेक्साफ्लोराइड हा कारखान्यांतून आलेला वायू जोडीला घ्या, ते अजून वाढतंच आहे. बर्फाखालून बुडणारं पाणी हवेशी पुरतं समतोल झालेलं नसतं, म्हणून वय फुगून दिसतं. ही सुधारणा न करता छापलेल्या वयावर विश्वास ठेवू नका. सीएफसी पोचलेलाच नाही तिथे किरणोत्सारी कार्बन-१४ कडे वळायचं, त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षांचं.

ही रीत उचलून आर्क्टिकला लावू नका. तिथे बेरिंग सामुद्रधुनीतून येणाऱ्या प्रशांत पाण्यात फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट कमी असतं, कारण उथळ समुद्राच्या गाळात जिवाणू ते संपवतात. अटलांटिकचं पाणी त्यावरून वेगळं काढता येतं. अटलांटिकच्या पाण्याचं वय काढायला ब्रिटनमधल्या सेलाफील्ड आणि फ्रान्समधल्या ला हाग इथल्या अणुइंधन प्रक्रिया केंद्रांतून समुद्रात गेलेलं किरणोत्सारी आयोडीन-१२९ वापरतात. ग्लोडॅपमध्ये आयोडीनचा रकाना नाही, तेव्हा नायट्रेट-फॉस्फेटच्या आलेखापासून सुरुवात करा.