रंगाच्या डब्यांतली फुलबाग

तीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, तालमींच्या, ट्रकच्या मागच्या फाळक्यांवरच्या. फ्लेक्स आल्यावर काम कमी होत गेलं, पण रिकामे डबे घरात राहिले आणि हाताची एक सवयही राहिली: पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पायऱ्या, मागचं एवढंसं परडं आणि वरची गच्ची धरून आज चाळीसएक डबे फुललेत. वर्षाकाठी विकत आणतो ते शेणखताचं एक पोतं आणि निंबोळी तेलाची बाटली. बाकी सगळं मागून आणलेलं, वाळवून ठेवलेलं किंवा वाट बघून मिळालेलं. कुणालाही जमेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

डब्यापासून सुरुवात करू. एक लिटरचा डबा रोपं उगवायला, चार लिटरचा झेंडू, सदाफुली, तेरडा यांना आणि वीस लिटरची बादली जास्वंद-मोगऱ्याला. बुडाला पाच-सहा भोकं पाडायची. डब्यात आतून खिळा धरून बाहेरच्या बाजूला ठोका. बाहेरून ठोकलं तर पत्र्याची कड आत वळते, तिच्यामागं पाणी साचतं आणि मुळं कुजतात. भोकांवर फुटक्या कौलाची खापरी उपडी ठेवा आणि डबा दोन विटांवर बसवा. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, तेव्हा भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं. आणि एक सांगणं मनावर घ्या: ऑइल पेंटच्या जुन्या डब्यात फक्त फुलझाडंच लावा. कोथिंबीर, मेथी, तुळस असलं पोटात जाणारं काही नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं.

माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि भाताचं तूस एक भाग. तूस गिरणीत मिळतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात दगडासारखी आवळते. तुसानं ती मोकळी राहते. शेणखत नाकाजवळ धरून बघा. वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्याची उष्णता मुळांना सोसत नाही. महिना-दोन महिने ओलसर ठेवून सावलीत पडू द्या. वरून उसाच्या पाचटाचा थर द्यायचा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा, गावाकडनं कुणीही भारा आणून देईल. ते घातलं की उन्हाळ्यातसुद्धा पाणी कमी लागतं. युरिया मात्र फुलझाडाला टाकू नका, झाड नुसतं पानांनी माजतं.

आता झेंडू. दसऱ्याला दाराला बांधलेलं तोरण वाळलं की लोक नदीत नाहीतर कचऱ्यात टाकतात. मी ते खुंटीला टांगून ठेवतो. पूर्ण वाळलेलं एक फूल घ्या, खालचा हिरवा पेला होता तो आता पिवळट कागदासारखा झालेला असतो, तो नखानं उभा फाडा. आत बिया काडीपेटीतल्या काड्यांसारख्या खेटून बसलेल्या असतात. अर्धी काडी काळी, अर्धी फिकट, टोकाला वाळल्या गवतासारखं शेपूट. काळा भाग बोटांत टणक लागला तर बी भरलेलं आहे. चपटं, मऊ लागलं तर पोकळ. बाजारातल्या गच्च भरलेल्या गोंड्यांत पोकळ बी जास्त सापडतं, कारण फूल अर्धवट पिकल्यावरच तोडलेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी तोरणातलं बी पेरा आणि पुढच्या वर्षासाठी आपल्याच झाडावरची चार चांगली फुलं न तोडता वाळू द्या. संकरित झेंडूच्या बियांतून आईसारखंच फूल येईल असं नाही. कधी गोंडा लहान येतो, कधी रंग बदलतो. मला ते फार आवडतं. माझ्याकडं एका वर्षी लालसर कडेचा पिवळा निघाला, त्याचंच बी मी अजून धरतोय.

दसऱ्याला फूल हवं असेल तर अडीच महिने आधी पेरा. बी मातीवर पसरून वर चिमटी-चिमटीनं माती भुरभुरवायची, खोल गाडायचं नाही. पाच-सहा दिवसांत कोंब दिसतात. महिन्याभरानं रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडा. पहिल्यांदा जीव होत नाही, पहिली कळी तिथंच दिसत असते. पण खुडलंत की एका दांडीच्या जागी चार-पाच फांद्या फुटतात. फुलं थोडी उशिरा येतात, पण झाड भरून येतात.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. पायऱ्यांवरचे, परड्यातले सगळे डबे पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर बघितलं तर झाडं काळी पडून चिखलात लोळत होती. मोगरा बारा वर्षांचा होता. मी त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो. पण माळ्यावर बियांच्या बाटल्या कोरड्या होत्या. घर धुऊन झाल्यावर त्यातला झेंडू पेरला. दसऱ्याला नाही, पण दिवाळीला दाराला आमच्याच फुलांचं तोरण होतं. तेव्हापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की मी डबे गच्चीवर चढवायला लागतो, आणि प्रत्येक झाडाचं बी नाहीतर फांदी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असेल असं बघतो. आता माझ्याकडं आहे तो मोगरा त्याच जुन्या झाडाच्या फांदीचा. ती मी गंगावेशीतल्या बहिणीला दिली होती, तिनं मला तिच्या झाडाची परत दिली.

फांदी लावायला पावसाळा बरा. मोगरा, जास्वंद यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली तिरकी कापा, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत सावलीत खोचा. नवीन पान आलं म्हणून लगेच उपटून बघू नका. मूळ त्यानंतर धरतं. चिनी गुलाबाला एवढंही लागत नाही, बोटभर तुकडा मोडून मातीत टोचला की झालं. शेवंतीचा बहार संपला की दांडे खाली कापा, बुडातून फुटवे येतात, तेच वेगळे करून लावायचे.

पाणी सकाळी, बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा.

डबे कुठं ठेवायचे, यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पाटी रंगवताना निळ्यावर नारिंगी अक्षर काढलं की लांबून उठून दिसायचं. तसंच झेंडूच्या डब्यामागं काठीवर गोकर्ण चढवा. दोन्ही रंग एकमेकांना उजळतात. गुलबक्षी दिवसभर मिटलेली असते, चारच्या सुमारास उमलते; ती संध्याकाळी आपण जिथं बसतो तिथं हवी. रात्री दिसतात ती पांढरी फुलं, म्हणून मोगरा दाराशी. मी एक डबा आज हलवतो आणि आठवडाभर नुसता बघतो. नाही पटलं तर परत हलवतो. आठवड्यातनं एखाद्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एकच फूल काढतो. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली की निळा रंग सुटतो, त्यात लिंबू पिळलं की जांभळा होतो. उन्हात तो उडतो, पण रंगवताना काय सुरेख पसरतो!

तेरडा गौरीसाठी लागतोच. आमच्याकडं गौर तेरड्याच्या रोपांचीच. चार रोपं मात्र मागं ठेवा. शेंग फुगून फिकट झाली की नातीला बोलावतो. ती बोट लावते, शेंग फट्कन फुटून गुंडाळते आणि बिया तिच्या तळहातावर उडतात. त्या तशाच ओंजळीत धरून आणायच्या आणि वाळवून बाटलीत.

बी सावलीत आठ दिवस वाळवा. गोकर्णाच्या बियांवर नख उमटेनासं झालं की भरायला हरकत नाही. काचेची बाटली, तळाशी चमचाभर राख, घट्ट झाकण, आणि बाहेर फुलाचं नाव नि महिना. गुलबक्षी आणि गोकर्णाच्या बाटल्या लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा, त्या बिया विषारी असतात. नावं मी अजून ब्रशनंच लिहितो, पाटीवर लिहायचो तशीच, सावली देऊन.