गाडीचा रंग हाताने चमकवताय? या चुका टाळा

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची वर्षभर जुनी गाडी भर उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे नीट बघा. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा दिसतील. मालक दोष देतो उन्हाला, नाहीतर कंपनीच्या रंगाला. खरा दोष बहुतेक वेळा रोज सकाळी फिरणाऱ्या कोरड्या फडक्याचा असतो. (रेघा मुळात गोल नसतातच. त्या वाटेल तशा ओढलेल्या असतात, पण उजेडाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात.)

रंगावर शेवटचा थर असतो तो क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते, माणसाच्या केसापेक्षाही कमी. चमक दिसते ती याच थरामुळे आणि तो पुन्हा वाढत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

कोरडं पुसणं

धूळ म्हणजे बारीक वाळू. त्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंट आणि दगडाची भुकटीही असते. कोरड्या फडक्याने ती पुसतो तेव्हा आपण गाडीवर सौम्य पॉलिशपेपरच फिरवत असतो. लांब दांड्याच्या झटकणीनेही तेच होतं. गाडी पुसायला येणाऱ्या दादांची यात चूक नाही; त्यांच्या वाट्याला वीस-पंचवीस गाड्या, एक बादली आणि एक फडकं. माझं मत विचाराल तर त्यांना तेवढेच पैसे द्या, पण रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाणी ओतून धुवायला सांगा. मधले दिवस धूळ राहू द्या. नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाचं फारसं काही बिघडवत नाही, घासली की बिघडवते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत तर हेच शहाणपणाचं.

धुताना आधी नुसतं पाणी, वरून खाली. हात लावायचा तो मोठी घाण वाहून गेल्यावरच. दोन बादल्या घ्या: एकीत गाडीच्या शांपूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. छत, काचा, बॉनेट आधी. दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांचं फडकं वेगळंच. जुना बनियन किंवा पंचा हाताला मऊ लागतो, पण त्यात अडकलेला खडा सुटत नाही. बनियनची शिवणही ओरखडते. मायक्रोफायबरच घ्या आणि ते जमिनीवर पडलं तर पुन्हा रंगावर वापरू नका.

भांड्यांचा साबण, रॉकेल, टूथपेस्ट

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर एकदा वापरल्याने रंग उडत नाही, पण आधी लावलेलं वॅक्स निघून जातं. रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवला की गाडी तासभर झळकते, मग त्या तेलकट पापुद्र्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. टूथपेस्टने बारीक ओरखडा जातो हे खरं, कारण तीही घासूनच काढते. फक्त किती घासलं जातंय याचा अंदाज येत नाही.

डाग तसेच ठेवणं

पक्ष्याची विष्ठा उन्हात काही तासांत क्लिअर कोट खाऊ लागते. नखाने खरवडू नका. ओला टिश्यू त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग उचलून घ्या.

बेसमेंट पार्किंगमधले पांढरे थेंब त्याहून चिवट. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन खाली येतं आणि रंगावर वाळून घट्ट बसतं. घासून ते निघत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापड भिजवा, डागावर काही मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, नंतर भरपूर पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याच्या डागांवरही हाच उपाय. डाग जाऊन खाली खळगा उरला, तर चुन्याने क्लिअर कोट खाल्लेला आहे, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही. गाडीची जागा बदलून घ्या किंवा स्लॅबची गळती काढायला सोसायटीच्या मागे लागा.

झाडाखाली उभ्या गाडीवरचे चिकट ठिपके पुष्कळदा झाडाचा चीक नसून पानांवरच्या किड्यांचा गोड स्राव असतो. तो ताजा असताना कोमट पाण्याने सहज जातो. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घालत असाल तर तिची तार रंगाला टेकू देऊ नका आणि माळ आठवडाभर तशीच ठेवू नका. हळदीचं स्वस्तिक काचेवर काढा.

पॉलिश आणि वॅक्स यांत गल्लत

पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा अगदी पातळ थर काढून रेघा घालवतं. वॅक्स काही काढत नाही, वरून संरक्षक थर देतं. दर महिन्याला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारे लोक ती 40-50 मायक्रॉनची शिल्लक हौसेने उडवत असतात. वॅक्स दोन-तीन महिन्यांनी लावा, पॉलिश वर्षातून एकदा पुरे, तेही रेघा दिसत असतील तरच. मॅट रंगाला पॉलिश कधीच नाही. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलला महिनाभर तरी वॅक्स लावू नका, रंगातली द्रव्यं उडून जायला वेळ लागतो.

धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी) ओला करून फिरवा, मगच पॉलिश. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. पॅनेलच्या कडांवर आणि उठावाच्या रेषांवर थर पातळ असतो, तिथे जोर नको.

काम बिघडलं तर

पॉलिश वाळून पांढरं चिकटलं असेल तर त्यावरच थोडं ताजं पॉलिश लावा, जुनं मऊ होऊन निघतं. वॅक्सनंतर धूसर तेलकट पट्टे दिसले तर माल जास्त झालाय; किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसून मग कोरड्याने. काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग बसले तर मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी. पुढच्या वेळी आधी मास्किंग टेप लावा.

ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने जाणार नाही. तिथे टच-अप (ओरखड्यात त्याच रंगाचा पेंट भरणं) किंवा पेंटर.

आणि पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर गाडी कोणती ते आठवा. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसायचाच, त्यामुळे तिथे रंग येणारच. हल्लीच्या गाडीचा रंग फडक्यावर आला तर वरचा थर संपलाय. त्या पॅनेलवरचं काम तिथेच थांबवा.