इंजिन माउंटिंगचा बोल्ट आत तुटलाय? हात लावायच्या आधी हे जवळ ठेवा

सेंटर पंच, म्हणजे हातोडीने ठोकून ड्रिलसाठी खूण पाडायची टोकदार दांडी. बाकीचं नंतर वाचा, आधी पंच आणून ठेवा. मागच्या वेळी माझ्याकडे ड्रिल होतं, बिट होते, तेल होतं, फक्त पंच नव्हता, म्हटलं हातानेच नीट धरू. बिट घसरलं ते थेट शेजारच्या अॅल्युमिनियममध्ये शिरलं. माउंटिंगचा बोल्ट कडक स्टीलचा असतो, डोक्यावर ८.८ नाहीतर १०.९ असा मजबुतीचा ग्रेड लिहिलेला असतो, आणि बिटाला जिकडे मऊ लागेल तिकडेच ते जाणार. भोक एकदा वाकडं गेलं की आटे गेलेच.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, चाकांना ठोकळे लावा, डोळ्यांना गॉगल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच.

इंजिनला खालून आधार हवा, जॅक आणि वर जाड रुंद लाकूड. ऑइल चेंबरला जॅक थेट टेकवला तर पत्रा चेपतो. ब्रॅकेट हाताने किंचित हलायला लागला की थांबा, उगाच वर उचलत राहिलात तर होज आणि एक्झॉस्ट ताणले जातात. आधार न देता उरलेले बोल्ट सोडायला गेलात तर त्यांच्यावर तिरका भार येतो आणि एकाचे दोन तुटतात.

गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा, पाच मिनिटांत काही होत नाही. हीट गन असेल तर बोल्टला नाही, भोवतीच्या अॅल्युमिनियमला गरम करा, ते स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं म्हणून पकड सैल होते. त्याआधी सांडलेलं तेल नीट पुसा, पेट्रोलची लाइन कुठून जातेय ते बघा, आणि ब्रेक क्लीनर मारून लगेच गरम करू नका, त्याचा धूर विषारी असू शकतो.

तुकडा थोडा जरी बाहेर असेल तर ड्रिल लागणारच नाही कदाचित. कानशीने दोन बाजू सपाट करा, व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) घट्ट लावा आणि थोडं पुढे थोडं मागे करत फिरवा, एकाच दिशेने जोर लावला की उरलेलाही तुटतो.

आत तुटला असेल तर परत पंचच. तुटलेलं तोंड वेडंवाकडं असतं, ते आधी सपाट करा, मग पंच मधोमध ठेवून हलका ठोका, टॉर्च मारून दोन बाजूंनी बघा. खूण सरकली असेल तर पंच तिरका धरून ती मध्याकडे ओढून आणता येते, ड्रिल झाल्यावर नाही येत. खात्री झाली की मग जोरात एक ठोका. कंटाळा आला तरी हे सोडू नका, सगळं काम या एका खुणेवर आहे. बोल्ट खोल असेल तर भोकात बरोबर बसेल अशी नळी घाला आणि पंच तिच्यातून मारा, आपोआप मध्यावर येतो.

ड्रिल आधी ३ मिलिमीटर, मग ५. बिट नवे घ्या, बोथट बिटाने बोल्ट नुसता तापतो. स्पीड कमी, दाब चांगला, तेलाचे थेंब चालू. सरळ जातंय का ते कुणालातरी बाजूने बघायला सांगा. उलट्या आट्यांचं, म्हणजे उलटं फिरवून कापणारं बिट मिळालं तर उत्तम, कधीकधी ड्रिल करतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. नाहीतर इझी-आउट, म्हणजे त्या भोकात घालून उलटं फिरवत तुकडा काढायचं हत्यार, पण त्याला जोर लावू नका, ते आत तुटलं तर साधं बिट त्याला लागत नाही.

निघाला की टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर बघून, एम १० (१० मिलिमीटर) बोल्टमध्ये १.२५ पण असतो १.५ पण. आटे गेले असतील तर हेलीकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे. नवा बोल्ट त्याच ग्रेडचा, सगळे आधी हाताने बसवा, मग मॅन्युअलप्रमाणे टॉर्क, मग जॅक खाली.

पंच पुसून ड्रिलच्याच डब्यात ठेवा.