मुंबईहून येणारं जड नाटक इंदूरात घेताय? मग हॉल असा तयार करा

एखादं जुनं, मनावर दडपण आणणारं नाटक नव्या संचात दौऱ्यावर निघालं आणि आपल्या मंडळानं इंदूरचा प्रयोग घेतला की बुकिंग फुल्ल झालं म्हणजे झालं असं समजू नका. विनोदी नाटक कुठल्याही हॉलमध्ये तरून जातं हो, पण असल्या नाटकाला अंधार आणि शांतता नाही मिळाली तर ते मरतं, आणि या दोन्ही गोष्टी नटांच्या नाही, आपल्या हातात असतात.

सेटचा ट्रक मुंबईहून जवळजवळ ६०० किलोमीटर येतो, धुळे-सेंधवा करत, मधे बिजासनचा घाट, म्हणून तो आदल्या रात्रीच पोचेल असं बघा आणि हॉल सकाळपासूनच ताब्यात घ्या. स्टेजची मापं आणि फोटो लाइटवाल्यांना आधीच पाठवा.

आता मुख्य काम. दुपारी लाइट लागले की एकदा पूर्ण ब्लॅकआउट करायला सांगा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा, मग कळतं उजेड कुठून गळतोय ते. फॉयरची, म्हणजे हॉलबाहेरच्या लॉबीची ट्यूब, दाराची फट, साउंडवाल्याचा लॅपटॉप. एक्झिटची पाटी झाकायची नाही, बाकी सगळं बंद करा आणि दारांना आतून काळा पडदा लावा. आमच्याकडे एकदा नायिका हातात गोळ्यांची बाटली घेऊन नुसती उभी होती, एक शब्द नाही, अख्खा हॉल श्वास रोखून, आणि तेवढ्यात आमच्याच एका कार्यकर्त्यानं उशिरा आलेल्या जोडप्याला मोबाइलचा टॉर्च लावून आत आणलं, तो पांढरा झोत थेट तिच्या चेहऱ्यावर. ती हलली नाही, पण प्रसंग गेला तो गेलाच. तेव्हापासून मी टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावते, झोत जमिनीवर, आणि तिसऱ्या घंटेनंतर आलेल्यांना नाटकातला प्रवेश बदलतानाच आत सोडते, तेही मागच्या रांगेत.

अनाउन्समेंट छोटी ठेवा पण विषय काय आहे, लहान मुलांना आणावं की नाही हे स्पष्ट सांगा, तिकीट विकतानाही सांगा. १९७० साली विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ नाटकाच्या वेळी सेन्सॉरनं साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली तर डाग निळा केला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना आधी सांगून नाटक झालं, म्हणजे सुरुवातीच्या दोन वाक्यांत किती ताकद असते बघा.

मध्यंतराचे बटाटेवडे कागदी प्लेटमध्येच द्या. दुसऱ्या अंकात फॉयरमध्ये स्टीलच्या ताटल्या आवरतानाचा खणखणाट पहिल्या रांगेपर्यंत जातो!

आणि प्लीज, पडदा पडल्या पडल्या शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर धावू नका. लोक अजून नाटकातल्या त्या घरात अडकलेले असतात, त्यांना तसंच बाहेर जाऊ द्या. सत्कार करायचाच तर मेकअप रूममध्ये करा.

नंतर टीमला सराफ्यात न्या, तिथं रात्री उशिरापर्यंत सगळं मिळतं, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद. पण मुख्य भूमिका करणाऱ्यांना आधी विचारा, एवढं रडून-ओरडून झाल्यावर गर्दी नको वाटते बऱ्याच जणांना, कुणाच्या तरी घरी गरम वरणभात तयार ठेवा.